शालीखालचा होकार

माझा धंदा तुलना करण्याचा आहे. पुण्यातल्या एका चाचणी-प्रयोगशाळेत मी लॅपटॉपचे आणि डेस्कटॉपचे प्रोसेसर शेजारीशेजारी बसवते, दोघांना तेच काम देते आणि कोण किती वेळ दम धरतो ते पाहते. ही सवय चपलांसारखी दारात काढून ठेवता येत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी माणसं मनातल्या तक्त्यात जाऊन बसतात. हा सुरुवातीला जोरात, मग ढिला. ही उशिरा तापते, पण एकदा तापली की दिवसभर. माझा नवरा तुषार पहिल्या गटातला. रविवारी सकाळी माळा आवरायची घोषणा तो करतो, आणि दुपारी माळ्यावर मी असते, तो खाली झोपलेला असतो.

सासूबाई दुसऱ्या गटातल्या. त्यांचा वेग मंदावलेला कोणी पाहिला नव्हता.

सासूबाई म्हणजे मनोरमा काळमेघ. अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. भूगोल शिकवायच्या प्रमाण मराठीत आणि माणसांना सरळ करायच्या वऱ्हाडीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा वरण केलं तेव्हा वाटी उजेडात धरून म्हणाल्या होत्या, "रंग मस्त आला, पोरी. आता याच्यात डाळ कवा टाकतेस?" तुषारला दहावीत ब्याण्णव टक्के पडले तेव्हा त्यांनी उरलेल्या आठांची चौकशी केली होती. 'छान' हा शब्द त्या फक्त हवामानाबद्दल वापरायच्या, आणि अकोल्याच्या हवामानाबद्दल तो वापरायची वेळ क्वचित यायची.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, मानेला कायमचा कंप आला, आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. वाक्य डोक्यात पुरं तयार व्हायचं आणि तोंडाच्या वेशीवर अडायचं. त्या डावा हात उचलून भिंतीकडे बोट दाखवायच्या. त्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. आम्ही गहिवरायचो आणि फोटोला ताजा हार घालायचो. त्या पुन्हा बोट दाखवायच्या, आम्ही उदबत्ती लावायचो. पुण्याहून आम्ही जाऊ त्या प्रत्येक वेळी, दोन वर्षं, असं चाललं.

मग ती जाळी आली.

नखाएवढी, केसाहून पातळ तारांची जाळी. मेंदूचा जो भाग जीभ, ओठ आणि गळ्याला हुकूम सोडतो, त्या भागावर ती बसवतात. माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा हुकूम निघतात, पुढे स्नायू ऐकत नसले तरी. जाळी ते हुकूम टिपते आणि प्रोसेसरकडे पाठवते. खरं अवघड काम तिथून पुढे आहे. कारण ते हुकूम म्हणजे शब्द नव्हेत. भाजीबाजाराच्या गुजरीत दोनशे माणसं ओरडत असताना पलीकडच्या टोकाला उभ्या एकीच्या नुसत्या ओठांवरून ती काय म्हणते ते ओळखायचं, असं ते काम आहे. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात प्रोसेसर लाखो शक्यता तपासतो, मागचं सगळं वाक्य ध्यानात ठेवतो, आणि एक शब्द निवडून बोलतो. आवाजही सासूबाईंचाच. जुन्या विद्यार्थिनींकडे बाईंच्या तासांची ध्वनिमुद्रणं होती, त्यांतून तो घडवला.

हे गणित दूरच्या कुठल्या तरी मोठ्या यंत्रावर सोडवता आलं असतं. पण मेंदूतले संकेत घराबाहेरच्या यंत्राकडे पाठवायचे नाहीत, असा तोवर कायदा झाला होता. चांगला कायदा. माणसाच्या डोक्यातलं निदान त्याच्या घरात तरी राहावं. म्हणून सासूबाईंच्या पलंगाशेजारी टेबलाखाली एक भलामोठा डेस्कटॉप आला. त्याच्या पोटात पाणी फिरायचं, पाठीला पंखे होते.

तंत्रज्ञ मुलीने तो सुरू केला तेव्हा खोलीत तुषार, मी आणि समोर राहणाऱ्या, सासूबाईंचं रोजचं सगळं पाहणाऱ्या बेबीताई तायडे होतो. पंखे घुमले. सासूबाईंनी डोळे मिटले. आणि दोन वर्षं ज्या खोलीत नुसते हुंकार ऐकले होते, तिथे तो आवाज आला. तोच. खर्जातला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"तुषार, त्या घड्याळात सेल टाक. दोन वर्षं मी बोट दाखवून राहिली, अन् तुम्ही दर वेळी तुह्या बाबांच्या फोटोले हार घालून राहिले. जिवंतपणी एवढे हार भेटले असते तर तो माणूस गेलाच नसता."

फोटोच्या वरच्या बाजूला घड्याळ होतं. बंद.

कोणी हसलं नाही. तुषार खुर्चीवर चढला आणि त्याने घड्याळ काढलं. बेबीताईंनी टेबलाखालच्या डब्याला हात जोडले. मी आयुष्यभर प्रोसेसरचे आकडे मोजले. कोणता कोणाहून किती टक्के वेगवान, हे सांगून पगार घेतला. त्या आकड्यांच्या पलीकडे एक अख्खी बाई उभी असू शकते, हे मला त्या दुपारी कळलं. अंगावर काटा आला, तो पुढे कितीतरी वेळ गेला नाही. खंडेनवमीला बेबीताईंनी त्या डेस्कटॉपला हळद-कुंकू लावलं तेव्हा मी, विज्ञानाची पदवीधर, मुकाट्याने बाजूला उभी राहून अक्षता टाकल्या.

*

डेस्कटॉप घराबाहेर नेता येत नाही. म्हणून काही महिन्यांनी लॅपटॉप आला. सॉफ्टवेअर तेच, प्रोसेसरच्या डोक्यावर छापलेलं नावही जवळपास तेच. सासूबाईंनी दोघांची नावं ठेवली, टेबलवाला आणि मांडीवाला. जशी दोन मुलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शंकरपटाच्या शर्यतीतली बैलजोडी आणि नांगराची बैलजोडी, दोन्ही बैलच. धावपट्टीवर शंकरपटाची जोडी डोळे दिपवते. तिला दिवसभर नांगराला जुंपलं तर काय होईल ते शेतकऱ्याला विचारावं. लॅपटॉपचा प्रोसेसर तसा आहे. सुरुवातीला तो डेस्कटॉपच्या तोडीस तोड धावतो. पण गणित म्हणजे वीज, आणि खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपकडे ती उष्णता बाहेर टाकायला पाणी आहे, मोठे पंखे आहेत, जागा आहे. लॅपटॉपकडे बोटभर जाडीचं पोट आणि खाली दोन फटी. उष्णता साठते, आणि जळून जायच्या भीतीने प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. जाहिरातीत पहिल्या काही क्षणांचा आकडा छापतात. माझं पोट पुढच्या तासाच्या आकड्यावर चालतं.

वेग कमी झाला की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटेल, एवढंच ना? पण बोलणं थांबून राहत नाही. बनवणाऱ्यांनी घराघरांत चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांना आढळलं की घरची माणसं चुकीच्या शब्दाची तक्रार करत नाहीत, उशिराची करतात. म्हातारं माणूस थांबलं की घाबरतात. म्हणून त्यांनी सोय केली. प्रोसेसर तापून मंदावला की मोठं गणित बाजूला ठेवायचं आणि छोटं वापरायचं. छोटं गणित संकेत फारसे पाहत नाही. वयस्कर माणसं अशा वेळी सर्वसाधारणपणे काय म्हणतात, ते बोलून टाकतं.

आपल्याकडची वयस्कर माणसं सर्वसाधारणपणे काय म्हणतात? 'हो.' 'बरं.' 'छान.'

मला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. मांडीवाला तापला की आधी सासूबाईंची वऱ्हाडी जायची. मग टोमणे जायचे. सगळ्यात शेवटी नकार जायचा. त्यानंतर जी उरायची तिच्याइतकी गोड बाई अकोला जिल्ह्यात शोधून सापडली नसती.

आणि काय सांगू, ती सगळ्यांना आवडली! जे नातेवाईक त्यांना वर्षानुवर्षं टाळत होते, ते आग्रहाने बोलवायला लागले. "वहिनी किती शांत झाल्या," म्हणायचे. शहाण्यांनी अंदाज बांधला होता. गेल्यागेल्या त्यांना पंख्याखाली न बसवता स्वयंपाकघराच्या बाजूला बसवायचे, आणि अवघड विषय जेवणानंतर काढायचे. मीही साधू नव्हते. माझ्या भरल्या वांग्यांना त्यांच्याकडून मिळालेलं पहिलं 'छान' ब्याण्णव अंश तापलेल्या प्रोसेसरचं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते जमेला धरलं.

तुषारचं मात्र वेगळं होतं. त्याच्या चुलतभावाकडे जेवायला गेलो असताना त्याने आपल्या बढतीची बातमी आईला सांगितली. मांडीवाला चांगलाच तापला होता. "छान," सासूबाईंचा आवाज आला. "छान." परतताना पेट्रोलपंपावर थांबलो तेव्हा त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "ऐकलंस ना?" पन्नाशीला टेकलेला माणूस. मी म्हटलं, ऐकलं.

घरी पोचल्यावर टेबलवाल्यातून सासूबाई कडाडल्या, "तो मांडीवाला माह्या तोंडात साखर कोंबून राहिला! परत करा त्याले." तुषार हसला आणि कपडे बदलायला गेला.

*

त्या वर्षी मे महिन्यात अकोल्याचा पारा अठ्ठेचाळीसला टेकला. नेमका तेव्हाच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बाईंचा सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष पुंडकर सर. प्रेमळ गृहस्थ, पण एकदा माईक हातात आला की तो सोडवायला दोन माणसं लागतात.

शाळेच्या सभागृहात पत्र्याचं छत, वर फिरणारे पंखे, ते गरम हवाच खाली ढकलत होते. सासूबाई स्टेजवर मधल्या खुर्चीत, मांडीवर मांडीवाला. स्वागतगीत झालं, परिचय झाला. तुषार मुलगा म्हणून बोलला, आणि अनपेक्षितपणे छान बोलला. मग शाल आली. जाड, लोकरी, जरीच्या काठाची. अठ्ठेचाळीस अंशांत लोकरी शाल पांघरून माणसाचा मान करणारे आपणच. पुंडकर सरांनी ती बाईंच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट ओढली, आणि मायेने मांडीवर दोन्ही बाजूंनी खोचली. लॅपटॉपसकट. दोन्ही फटी बुजल्या.

मी चौथ्या रांगेत होते. उठायला हवं होतं, पण तेवढ्यात तुषार पुन्हा माईकशी गेला.

"एक गोष्ट सगळ्यांसमोर विचारतो," तो म्हणाला. "आई इथं एकटी राहते. आता पुरे. आई, आता कायमची आमच्याकडे पुण्याला चल. येशील ना?"

सासूबाईंची मान हलत होती, पण ती कंपामुळे सदाच हलते. शालीखालून आवाज आला.

"हो."

टाळ्यांचा कडकडाट. मधूनच, "छान." मग, "बरं." सासूबाईंचा डावा हात शालीचं टोक धरून ओढत होता. पुंडकर सरांना वाटलं, बाई डोळे पुसतायत. त्यांनी शाल आणखी नीट केली.

आमच्याकडे चारचौघांत मोठ्या माणसाने दिलेला होकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी पोचली. तुषारने सामान हलवणाऱ्यांना फोन केला. घरी आल्यावर त्याने मला हळूच सांगितलं, "टेबलवाला इथंच परत देऊन टाकू. आपल्या फ्लॅटमध्ये तो कुठं ठेवणार? अन् त्याचा आवाज. आईला मांडीवाला पुरे."

म्हणजे घर जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर वाचाही. उरलेलं आयुष्य थोडा वेळ मनोरमा काळमेघ आणि बाकीचा वेळ हो-बरं-छान.

*

"मी हो म्हटलंच नाही," टेबलवाल्यातून सासूबाई म्हणाल्या.

"आई, चारशे माणसांनी ऐकलं."

"चारशे माणसांनी मांडीवाल्याचं ऐकलं. माहं एकानंही नाही."

तुषार पलंगाच्या कडेवर बसला. तो चिडला नव्हता, हे मला जास्त जड गेलं. "आई, राग मानू नको. तंत्रज्ञ मुलीनेच सांगितलं होतं, मोठं यंत्र मोठा अंदाज बांधतं. तुझी जुनी ध्वनिमुद्रणं त्याच्यात भरलीत. तू पूर्वी जशी बोलायचीस तसंच ते बोलणार. टोमणे, खोच, सगळं त्याचं आहे. छोट्या यंत्रात यंत्र कमी, म्हणून आई जास्त. मला तरी तसंच वाटतं."

हा युक्तिवाद ऐकून मी चकित झाले. चुकीचा होता, पण मूर्खाचा नव्हता. त्याच्यामागे दोन 'छान' उभे होते.

पंखे घुमत राहिले. सासूबाई बोलल्या, पण मुलाशी नाही, माझ्याशी.

"शर्वरी, तू यंत्रं मोजतेस ना? मग मोज."

"आणि तुम्हाला नको ते निघालं तर?"

"भूगोल शिकवला मी, पोरी. नकाशा आवडला नाही म्हणून नदी सरकत नाही."

मनातल्या तक्त्यात मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. गप्प बसले तर एक आज्ञाधारक सासू, एक सुखी नवरा, आणि जन्मभर पुरतील एवढे 'छान'. बोलले तर नवऱ्याच्या हातातून त्याला आयुष्यात मिळालेली एकमेव शाबासकी काढून घ्यायची. पहिली बाजू इतकी जड होती, की तिच्याकडे बघूनच मला तिचा संशय आला.

"उद्या मोजते," मी म्हटलं.

*

जाळीचे कच्चे संकेत यंत्रात काही दिवस साठवलेले असतात, जुळणी बिघडली तर दुरुस्त करता यावी म्हणून. सत्काराच्या वेळचे संकेत मी वेगळे काढले. तेच संकेत वेगवेगळ्या परिस्थितीत पुन्हा वाजवायचे. माझ्या प्रयोगशाळेत रोज जे करते तेच. खोलीत आम्ही तिघं आणि दारात बेबीताई.

आधी मी कालची शाल मागितली आणि लॅपटॉपला तिच्यात गुंडाळलं. तो तापू दिला. मग स्वागतगीताच्या वेळचे संकेत सोडले. पडद्यावर संकेतांची रेघ सपाट होती; सासूबाई तेव्हा बोलायचा प्रयत्नही करत नव्हत्या, गाणं ऐकत होत्या.

"छान," लॅपटॉप म्हणाला. थोड्या वेळाने, "बरं."

तुषार पडद्यावरच्या सपाट रेघेकडे पाहत राहिला. मी तीच रेघ टेबलवाल्याला दिली. पंखे फिरत राहिले. यंत्र गप्प. मी आवाज वाढवून पाहिला. गप्पच.

"पदरचं कोण घालतंय?" मी विचारलं.

मग मी तुषारच्या प्रश्नानंतरचे संकेत लावले. रेघ आता सपाट नव्हती. उसळत होती. टाळ्या वाजत होत्या तो सगळा वेळ सासूबाई बोलत होत्या! शालीतल्या लॅपटॉपने ते सगळं ऐकलं आणि कालच्यासारखंच म्हणाला, "हो. छान. बरं."

"आता थंड करून," मी म्हटलं.

बेबीताईंनी आपला कूलर ढकलत आणला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी झिरपत होतं. खोलीभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. लॅपटॉप उघडा करून मी कूलरच्या तोंडाशी, दोन वाट्यांवर टेकवून ठेवला, म्हणजे खालून वारा खेळेल. तापमानाचा आकडा उतरला तसे तेच संकेत पुन्हा सोडले.

आणि सासूबाईंचा आवाज आला. कालचा. शालीखालचा.

"अरे कोणी शाल काढा ही, मांडीवर भट्टी पेटली आहे! तुषार, मी नाही येत. मले तुह्या घराचा राग नाही. शर्वरीचाही नाही, तिचं वरण आता वरणासारखं लागते. पण माह्या खिडकीतून कोणाची पोरगी शाळेत चालली अन् कोणाची घरी बसवली, ते मले दिसते. पुण्यात बाराव्या मजल्यावरून मी काय ढग मोजू? अन् आणखी एक. याच स्टेजवरून चौथीत तू भाषण विसरून पळाला होता. नकाशांच्या खोलीत, गुंडाळलेल्या आशिया खंडामागं बसून रडत होता. तुले वाटलं कोणालेच माहीत नाही. मी बाहेर दाराशी उभी होती. तुहं रडणं होईपर्यंत कोणाले आत जाऊ दिलं नाही. आज तू बोलला, अन् तुहे पाय नाही थरथरले. मी पायच पाहून राहिली होती. चांगलं बोलला, लेका."

मी टेबलवाल्यावरही तेच संकेत लावले. शब्द न् शब्द तोच. पण तोवर पुराव्याची गरज राहिली नव्हती. नकाशांच्या खोलीची गोष्ट मला माहीत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मलाही सांगितली नव्हती. कोणत्याही ध्वनिमुद्रणात ती नव्हती. ती जगात एकाच माणसाला माहीत आहे, असं तुषार आजवर समजत होता. आणि त्या दाराच्या बाहेर एवढी वर्षं दुसरं माणूस उभं होतं.

मी हिशेबी बाई आहे, पण तेव्हा काही मोजता आलं नाही. एका 'हो'च्या आत एवढं सगळं मावलं होतं! एक खिडकी, एक शाळा, एक नकार, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एक बंद दार. आणि ते हरवलं होतं ते यंत्र मूर्ख होतं म्हणून नव्हे. थोडं गरम झालं, एवढ्यासाठी. आपण रोज ज्यांचं 'हो' आणि 'बरं' ऐकून पुढे निघून जातो, त्यांच्या शालीखाली काय काय असेल, या विचाराने मी थंड कूलरसमोर उभी राहून घामेजले.

सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

"परत लाव," तुषार म्हणाला.

"कुठून?"

"नकाशांच्या खोलीपासून."

मी लावलं. मग त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. शेवटी टेबलवाला बोलला.

"बस झालं. बेबीच्या कूलरचं पाणी संपवता काय?"

*

सासूबाई अकोल्यातच राहिल्या, टेबलवाल्यासकट. तुषार आता दर पंधरा दिवसांनी तिकडे जातो आणि शिव्या खाऊन ताजातवाना होऊन येतो. आमच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक लॅपटॉपला लोकरी शाल पांघरून मोजतात. नव्या मुलांना हा माझा विनोद वाटतो. यंत्र बनवणाऱ्यांशी भांडभांड भांडून मी एक बदल करून घेतला. तापल्यावर त्याने अंदाजाने होकार द्यायचा नाही. "थांबा, मी अजून बोलते आहे," एवढंच म्हणायचं. असं ऐकलं आहे, की त्यावर घराघरांतून पुष्कळ तक्रारी आल्या.

परवा बेबीताईंच्या नातीचं लग्न होतं. मंडपात गर्दी, सासूबाई मधोमध, मांडीवर मांडीवाला. वरमाईकडची एक बाई शाल घेऊन पुढे सरसावली. तुषारने ती शाल वाटेतच अडवली, नमस्कार करून स्वतःच्याच खांद्यावर टाकली, आणि आईच्या पायाशी बसून लग्नपत्रिकेने लॅपटॉपला वारा घालू लागला. वारा लागेल तसा सासूबाईंना रंग चढला. जेवणाची व्यवस्था, नवरदेवाचं बोलणं, तुषारचं सुटलेलं पोट. त्यांच्या तोंडून काहीच वाचलं नाही. भोवती माणसं जमली. पंगती उठल्या, मंडप निम्मा रिकामा झाला, तरी त्याचा हात चालूच होता. मी लांबून पाहत होते. तक्त्यात त्याची जागा बदलावी लागणार, हे मला कळलं.

मध्येच सासूबाई थबकल्या.

"हात काहून हळू झाला रे? तुह्या काकाबद्दल तर अजून मी सुरूही नाही केलं."

तुषारने पत्रिका दुसऱ्या हातात घेतली.